‘एवढं तर कळायला हवं’ : शहरातली साधी अक्कल बाईला काय सांगते, पुरुषाला काय सांगते

आजचा विषय जरा पसरट आहे, म्हणून आपण एका वाक्यापासून सुरुवात करू. ‘एवढं तर कळायला हवं होतं.’ हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलंय आणि बहुतेकांनी कधी ना कधी वापरलंयही. आता त्याच्याकडे नीट बघा. त्यात ‘तू कायदा मोडलास’ असं म्हटलेलं नाही. ‘पाप केलंस’ असंही नाही. नुसतं ‘कळायला हवं होतं.’ म्हणजे ही गोष्ट कुणी शिकवायची नसते, कुठं लिहून ठेवायची नसते, ती आपोआप प्रत्येकाला माहीतच असते, असं गृहीत धरलेलं आहे. जुनी माणसं याला साधी अक्कल म्हणायची, व्यवहार म्हणायची. आज सगळेच कॉमन सेन्स म्हणतात.

आमचं म्हणणं काय आहे ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटपर्यंत वाट बघायला नको. शहरात बरं काय, वाईट काय हे ठरवायला आपण याच साध्या अकलेचा आधार घेतो, आणि तो घ्यावाच लागतो. पण ही अक्कल बाईला एक सांगते आणि पुरुषाला दुसरंच सांगते. शिवाय बाईला रस्त्याची, गाडीची, माणसांची जी बारीक माहिती असते, ती आपण रस्त्याबद्दलची खबर म्हणून ऐकतच नाही. ती बाईच्या वागण्याचा नियम म्हणून ऐकतो. आजचं सगळं व्याख्यान या एका गफलतीबद्दल आहे.

शहरातच हा प्रश्न का येतो? गावात माणूस ओळखीवर चालतो. ही अमक्याची लेक, तो तमक्याचा पुतण्या. कोण कसा आहे हे तीन पिढ्यांचं माहीत असतं. त्याचा जाचही असतो, पण अंदाज बांधावा लागत नाही. आता इथं अंबडला बघा. एमआयडीसीत काम करायला खानदेशातून, मराठवाड्यातून, उत्तर प्रदेश-बिहारमधून माणसं आलेली आहेत. अंबड गावात, चुंचाळ्यात, सिडकोत भाड्याच्या खोल्यांमधून राहतात. शेजारच्या खोलीतल्या माणसाचं आडनाव माहीत नसतं. मग ओळखीच्या जागी काय येतं? अंदाज. कपडे कसे, वेळ कुठली, सोबत कोण, हातात पिशवी आहे की नाही. जर्मन समाजशास्त्रज्ञ गेऑर्ग झिमेल यांनी १९०३ साली महानगरातल्या माणसाच्या मनावर एक निबंध लिहिला होता. त्यांचं निरीक्षण असं की शहरात इतकं काही सतत अंगावर येत असतं की माणूस स्वतःला वाचवण्यासाठी मनावर एक जाड साल चढवतो. हिशेबी होतो, अलिप्त होतो. बर्लिनबद्दल लिहिलेलं आहे, पण सकाळी शिफ्टच्या वेळेला कुठल्याही नाक्यावर उभं राहिलं तर पटतं.

फक्त झिमेलसाहेबांनी एक गोष्ट फारशी मोजली नाही. ही साल बाईची आणि पुरुषाची सारखी नसते.

शहरात वाढणाऱ्या मुलीला जी साधी अक्कल शिकवली जाते तिचं एका शब्दातलं सार म्हणजे ‘सांभाळून’. सांभाळून जा, सांभाळून बोल, सांभाळून बस. मुलाला जी शिकवली जाते तिचं सार आहे ‘आपण बरं, आपलं काम बरं’. कशाला नसतं लचांड मागे लावून घेतोस, पोलीस-कोर्ट कुणी सांगितलंय. दोन्ही सल्ले वेगवेगळे घेतले तर शहाणपणाचे वाटतात. आई-बापानं मुलाबाळांच्या काळजीपोटीच दिलेले असतात. आता ते एकाच रस्त्यावर आणून ठेवा. संध्याकाळी सात-साडेसातला एक बाई सुटून चालली आहे, मागून कुणीतरी चाललंय, काहीतरी बोलतंय. बाई सांभाळून आहे, म्हणजे उलटून बोलत नाही, मान खाली घालून चालते. टपरीवर चार पुरुष उभे आहेत, तेही आपल्या अकलेनं वागतायत, म्हणजे मध्ये पडत नाहीत. सगळे ‘कॉमन सेन्स’नं वागले. आणि रस्ता कुणाच्या ताब्यात गेला? ज्यानं अक्कल गहाण टाकली आहे त्याच्या. तिला जास्त सांभाळावं लागतं, कारण हे चौघं मध्ये पडत नाहीत. आणि हे चौघं मध्ये पडत नाहीत, कारण सांभाळणं ही तिची जबाबदारी आहे असं त्यांना वाटतं. एकाचं शहाणपण दुसऱ्याच्या डोक्यावर ओझं होऊन बसतं.

इथं एक सांगायला हवं. आईनं मुलीला ‘अंधार पडायच्या आत ये’ म्हटलं की ती मागासलेली, असं आम्ही अजिबात म्हणत नाही. व्यासपीठावरून आईची थट्टा करणं सोपं असतं. धोका खरा आहे. आईला तो पुस्तकातून कळलेला नाही, अंगावरून गेलेला आहे. प्रश्न सावध राहण्याचा नाहीच. प्रश्न असा की सावधगिरीचा सल्ला कुठल्या क्षणी चारित्र्याचा दाखला होतो.

तो क्षण पकडता येतो. काही घडून गेल्यावर लोक काय विचारतात ते ऐका. किती वाजले होते? सोबत कोण होतं? तिथं कशाला गेली होती? हे तीन प्रश्न ठरलेले असतात. आता दोन घटना आठवा. दोन्ही महाराष्ट्रातल्या, दोन्ही न्यायालयात सिद्ध झालेल्या. १ नोव्हेंबर २००७, पुणे. बीपीओत काम करणारी बावीस वर्षांची मुलगी रात्रपाळीला निघाली. रिक्षा नाही, लिफ्ट नाही, कंपनीनं ठरवून दिलेल्या गाडीतून निघाली. अक्कल जे सांगते ते सगळं तिनं केलं होतं. त्याच गाडीच्या चालकानं आणि त्याच्या मित्रानं तिच्यावर अत्याचार करून तिचा जीव घेतला. दुसरी घटना ऑगस्ट २०१३, मुंबईतली शक्ती मिल. संध्याकाळची वेळ, सोबत पुरुष सहकारी, आणि जाण्याचं कारण म्हणजे नोकरीचं काम, फोटो काढणं. वेळ, सोबत, कारण, तिन्ही प्रश्नांची उत्तरं ‘बरोबर’ होती. मग लोकांनी चौथा प्रश्न काढला, ‘पण असल्या पडक्या मिलमध्ये जायचंच कशाला?’

म्हणजे हा नियम आधी सांगितलेला नसतोच. तो घटना घडल्यावर तयार होतो, आणि असा तयार होतो की त्यात ती नापास झालीच पाहिजे. कारण ती नापास झाली तर बाकीच्यांना बरं वाटतं. ‘आपण तसं वागत नाही, म्हणजे आपण सुरक्षित.’ हा दिलासा फार मोठा असतो बघा, आणि तो बायकांनाही हवा असतो. म्हणून असे प्रश्न बायकाही विचारतात, कधी कधी पुरुषांहून कडक आवाजात.

आणि ही अक्कल माहिती म्हणूनही फारशी भरवशाची नाही. ती सांगते की धोका अनोळखी माणसाकडून, अंधारात, बाहेरगावच्या माणसाकडून. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे आकडे वर्षानुवर्षं वेगळंच सांगतात. बलात्काराच्या नोंदलेल्या गुन्ह्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक गुन्ह्यांत आरोपी ओळखीचा असतो. नातेवाईक, शेजारी, मित्र, मालक, लग्नाचं वचन दिलेला. आपण मुलीला रस्त्याची भीती घालतो आणि घरात येणाऱ्या काकाला पाणी द्यायला पाठवतो. दुसरीकडे परप्रांतातून एकटा आलेला मजूर खोली शोधत हिंडतो, तर ‘बॅचलर चालणार नाही’ म्हणून त्याला दारातूनच परत पाठवतो. पुरुषाचंही माप काढलं जातं, नाही असं नाही. पण त्याला फार तर खोली मिळत नाही. तिची अब्रू जाते.

अब्रूवरून ती म्हण आठवते. बाईची अब्रू म्हणजे काचेचं भांडं. काच एकदा तडकली की सांधत नाही, असा त्याचा अर्थ सांगतात. आमची शंका साधी आहे. काचेचं भांडं फोडणाऱ्याबद्दल ही म्हण एक अक्षर बोलत नाही. भांड्यालाच सांगते, तू काचेचं आहेस, जपून राहा.

रस्त्यावरची, चाळीतली अक्कल अशी असते हे समजू शकतं. पण न्यायालयात तरी पुरावा चालतो ना? इथं आपल्या राज्यातलंच एक प्रकरण थोडं सविस्तर बघू, कारण साधी अक्कल न्यायाच्या खुर्चीत बसली की काय होतं हे त्याच्याइतकं स्वच्छ दुसरीकडे दिसत नाही.

मार्च १९७२. देसाईगंज, तेव्हाचा चंद्रपूर जिल्हा, आताचा गडचिरोली. मथुरा नावाची आदिवासी मुलगी, आई-वडील नाहीत, मजुरी करून राहणारी. तिला ज्याच्याशी लग्न करायचं होतं त्याच्याविरुद्ध भावानं तक्रार दिली, म्हणून सगळ्यांना रात्री पोलीस ठाण्यात बोलावलं. जबाब झाले, इतरांना बाहेर जायला सांगितलं, तिला आत थांबवलं. दोन पोलिसांवर आरोप होता. सत्र न्यायालयानं त्यांना सोडलं. तिचे आधीपासून संबंध होते, म्हणजे संमती असणार, असा रोख होता. नागपूर खंडपीठानं हे उलटवलं. भीतीनं शरण जाणं म्हणजे संमती नव्हे, असं म्हणून दोघांना शिक्षा दिली. मग प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९७८ साली दोघंही सुटले.

का सुटले? अंगावर जखमा नव्हत्या, म्हणजे झटापट झाली नसणार. नातेवाईक जवळपास असताना ती ओरडली नाही, म्हणजे मुकाट्यानं गेली असणार. वाचताना वाटतं, यात तर्क आहे. पण हा तर्क कुणाच्या अनुभवावर उभा आहे? ज्याला पोलीस ठाण्यात ओरडलं की कुणीतरी धावून येतं, त्याच्या. चौदा-सोळा वर्षांची मजूर मुलगी रात्री ठाण्याच्या आत आहे, समोर वर्दी आहे, आणि मदतीला बोलवायचं तरी कुणाला, पोलिसांनाच? तिथं गप्प राहणं हीच तिची अक्कल होती. म्हणजे खटल्यात दोन अकला समोरासमोर होत्या, आणि न्यायालयाला त्यातली एकच दिसली.

पुढं १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लतिका सरकार या कायद्याच्या चार अभ्यासकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. शरण जाणं आणि संमती यांतला फरक त्यांनी मांडला. देशभर बायका रस्त्यावर उतरल्या. १९८३ मध्ये कायदा बदलला. कोठडीतल्या बलात्काराला वेगळं कलम आलं, आणि अशा प्रकरणात ‘माझी संमती नव्हती’ असं बाईनं सांगितलं तर न्यायालय ते आधी गृहीत धरेल असं ठरलं. तिच्या पूर्वायुष्यावरून तिची विश्वासार्हता पाडायला परवानगी देणारं पुरावा कायद्यातलं पोटकलम मात्र २००३ पर्यंत टिकलं. आणि ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्वतःच एक पुस्तिका काढली, स्त्रियांबद्दलच्या ठोकळेबाज समजुती न्यायाधीशांनी कशा ओळखाव्यात यासाठी. खऱ्या पीडितेनं अमुक प्रकारेच वागायला हवं, लगेच तक्रार करायलाच हवी, ही समजूत त्यात चूक म्हणून दाखवली आहे. निकाल १९७८ चा आणि पुस्तिका २०२३ ची. मधली पंचेचाळीस वर्षं एक ‘साधी गोष्ट’ न्यायालयाला लेखी स्वरूपात चुकीची ठरवायला लागली.

आता कुणी म्हणेल, ‘अहो, पण हे पूर्वापार चालत आलंय. इतक्या पिढ्या चुकल्या का?’ अंबडच्या माणसाला याचं उत्तर द्यायला लांब जायला नको. हायवेला पाथर्डी फाट्याकडून बघितलं की समोर डोंगर दिसतो, पांडवलेणी. तिथल्या तीन नंबरच्या लेण्यात सातवाहनांचा मोठा शिलालेख आहे. दान देणारी बाई आहे, गौतमी बलश्री, गौतमीपुत्र सातकर्णीची आई. आता तिची ओळख राजाची आई आणि राजाची आजी अशी सांगितली आहे, तेव्हा उगाच फार हुरळून जाऊ नये. पण राजाला आईच्या नावानं ओळखायचे हेही तिथंच कळतं. दहा नंबरच्या लेण्यात दक्षमित्रा नावाच्या बाईनं ओवरी दान दिल्याचं कोरलेलं आहे. ती नहपानाची लेक, उषवदाताची बायको. चार माणसांत बाईचं नाव घेऊ नये, ही रीत ‘पूर्वापार’ असेल, तर तो डोंगर तिच्याही आधीचा आहे.

त्याच डोंगराच्या पायथ्याशी दादासाहेब फाळके यांचं स्मारक आहे. १९१३ चा ‘राजा हरिश्चंद्र’. तारामतीचं काम करायला एकही बाई तयार होईना. वेश्यावस्तीतल्या बायकांनीही नाही म्हटलं, असं सांगतात. शेवटी हॉटेलात स्वयंपाकाचं काम करणाऱ्या अण्णा साळुंके यांना साडी नेसवावी लागली. तेव्हाच्या मुंबईत कुणालाही विचारलं असतं तर उत्तर आलं असतं, ‘एवढं कळत नाही का, चांगल्या घरची बाई कॅमेऱ्यापुढं येईल का?’ आणि लगेच पुढच्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई कॅमेऱ्यापुढं आल्या. या कमलाबाई म्हणजे विक्रम गोखले यांच्या आजी. ज्याला आपण काळ्या दगडावरची रेघ समजतो, ती कधी कधी दोन चित्रपटांच्या मधल्या अवधीत पुसली जाते.

आणि या दुहेरी मापावर मराठीत बोट ठेवून झालंय तेही आजचं नाही. १८८१ मध्ये सुरतेच्या एका ब्राह्मण विधवेला, विजयालक्ष्मीला, बालहत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली आणि वर्तमानपत्रांतून बायकांच्या नीतीवर झोड उठली. ते वाचून बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्रीपुरुष तुलना’ छापलं. त्यांची रीत फार सरळ आहे. बायकांवर जो जो दुर्गुण लादतात तो एकेक उचलायचा आणि पुरुषाच्या वागण्याशेजारी ठेवायचा. आज आपण त्याला मोठी मोठी नावं देतो. ताराबाईंनी नुसता तराजू हातात घेतला.

तोच तराजू घेऊन आपण इथल्या एका प्रश्नाकडे येऊ. रात्रपाळी. कारखाना अधिनियम १९४८, कलम ६६. स्त्रियांना सकाळी सहा ते संध्याकाळी सात याच वेळेत कामावर ठेवता येईल. हेतू संरक्षणाचा होता, आणि त्या काळातल्या गिरण्यांची अवस्था बघता तो पोकळ नव्हता. पण बघा, त्याच शहरात त्याच रात्री सरकारी दवाखान्यात नर्सबाई रात्रपाळी करत होत्या. पहाटे अंधारात सफाई कामगार बाया रस्ता झाडत होत्या. त्यांच्या रात्रीबद्दल कुणाच्या अकलेनं कधी हाक दिली नाही. सेवेची रात्र चालते, जिथं रात्रपाळीचा भत्ता मिळतो आणि मशीनवर हात बसून बढती मिळते ती रात्र धोक्याची! म्हणजे ती अक्कल केवळ धोक्याचं मोजमाप करत नव्हती, कुठल्या बाईनं कुठं असावं याचंही करत होती.

२००० साली मद्रास उच्च न्यायालयानं हे बंधन घटनाबाह्य ठरवलं. महाराष्ट्रानं २०१५ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून रात्रीचं काम खुलं केलं, अटी घालून. सुरक्षिततेची व्यवस्था, सन्मानाची हमी, ने-आण करायला वाहन. दुकानं आणि आस्थापनांच्या २०१७ च्या कायद्यातही रात्री साडेनऊनंतर बाईच्या संमतीनं आणि संरक्षणाची सोय करून काम देता येतं.

आमच्या मते यातला खरा बदल ‘परवानगी मिळाली’ हा नाही. बदल असा की जबाबदारीची जागा हलली. आधीचा कायदा म्हणायचा, रात्र धोक्याची आहे, म्हणून बाईनं घरी बसावं. नवा म्हणतो, रात्र धोक्याची आहे, म्हणून मालकानं गाडी द्यावी. धोका तोच, माहितीही तीच. बिल कुणाच्या नावावर फाडायचं एवढंच बदललं. पण आपल्या डोक्यातली अक्कल अजून जुन्याच कायद्यावर चालते. कायदा बाईची संमती विचारतो. घरी मात्र सासूची, नवऱ्याची, दिराची आणि घरमालकाच्या गेटची संमती लागते. गेट दहाला बंद होतं. दुसरी पाळी सुटून येणाऱ्या पुरुष भाडेकरूला तेच गेट उघडतं, हे आपण सगळे जाणतो.

आता बायकांच्या अकलेकडे येऊ, कारण आत्तापर्यंत आपण तिच्यावर लादलेल्या अकलेबद्दल बोललो. तिची स्वतःची अक्कल ही वेगळी चीज आहे.

अमेरिकेत लॉरेन्स कोलबर्ग नावाचे मानसशास्त्रज्ञ होते. माणसाची नैतिक समज पायरीपायरीनं कशी वाढते याचं मोजमाप त्यांनी बसवलं. ज्या मुलांवर बसवलं ते सगळे मुलगेच होते. त्यांचा एक प्रसिद्ध प्रश्न आहे. बायको मरायला टेकली आहे, औषधवाला परवडणार नाही इतकी किंमत मागतो, तर नवऱ्यानं औषध चोरावं का? कॅरल गिलिगन यांनी १९८२ मध्ये ‘इन अ डिफरंट व्हॉइस’ या पुस्तकात अकरा वर्षांच्या एका मुलाची आणि एका मुलीची उत्तरं शेजारीशेजारी ठेवली. मुलगा म्हणतो चोरावं, जीव मालमत्तेपेक्षा मोठा. मुलगी म्हणते, चोरलं आणि हा तुरुंगात गेला, मग बायको पुन्हा आजारी पडली तर बघणार कोण? औषधवाल्याशी बोलावं, पैसे उसने काढावेत, काहीतरी मार्ग काढावा. कोलबर्गच्या पट्टीवर मुलीला मार्क कमी पडले. आम्हाला मात्र तिच्या उत्तरात रोज घर चालवणाऱ्या माणसाचा हिशेब दिसतो. बायका जन्मतःच असा विचार करतात असा अर्थ मात्र काढू नका. नंतरच्या पाहण्यांत बाई-पुरुषांतला हा फरक फारच लहान निघाला. ज्याच्यावर सांभाळायचं काम पडतं तो असा विचार करायला शिकतो, इतकंच.

शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी मुंबईतल्या बायकांवर बरीच वर्षं अभ्यास करून २०११ मध्ये ‘व्हाय लॉयटर’ हे पुस्तक काढलं. त्यांना दिसलं की बाईला रस्त्यावर उभं राहायला कारण दाखवावं लागतं. हातात भाजीची पिशवी, कानाला फोन, पायात घाई. पुरुषाला नुसतं उभं राहता येतं, आणि त्याला कुणी ‘काय करतोयस’ विचारत नाही. बाईची ही सगळी कसरत म्हणजे केवढी तरी माहिती आहे. कुठला दिवा बंद आहे, कुठल्या वळणावर भिंत उंच आहे, कुठला रिक्षावाला भला, कुठल्या दुकानाचं शटर उशिरापर्यंत उघडं असतं, कुठल्या सुपरवायझरसमोर एकटीनं रजिस्टर न्यायचं नाही. एखाद्या इंजिनिअरला पाहणी करायला सांगितली तर महिना लागेल. इथं समोर बसलेल्या कुणाही ताई दहा मिनिटांत सांगतील.

मराठीत एक छान शब्द आहे, तारतम्य. रूढ समज वेगळी आणि तारतम्य वेगळं. इटलीचे अंतोनियो ग्राम्शी यांनी तुरुंगात लिहिलेल्या वह्यांत असाच भेद केला होता. लोकांच्या डोक्यात साठलेली, एकमेकांशी न जुळणारी समज वेगळी, आणि तिच्याच पोटात असलेला चांगल्या विवेकाचा गाभा वेगळा. ‘त्या रस्त्यानं रात्री जाऊ नये’ हे वाक्य घ्या. यात तारतम्य आहे आणि रूढ समजही आहे. ‘त्या रस्त्यावर दिवे नाहीत’ हा तारतम्याचा भाग. ‘जाणारी बाई बरी नव्हे’ हा रूढ समजेचा भाग. दोन्ही एकाच वाक्यात बेमालूम बसतात, म्हणून घोटाळा होतो. पहिला भाग महापालिकेकडे जायला हवा होता, तो मुलीकडे जातो. आणि दुसरा भाग कुणाकडेच जायला नको होता, तो सगळ्या कॉलनीत फिरतो.

बरं, चिठ्ठ्या आल्या आहेत. वेळ आहे तेवढ्या घेतो.

एका ताईंनी विचारलंय, आमच्या युनिटमध्ये सहाच जण आहेत, तिथं तक्रार कुणाकडे करायची? चांगला प्रश्न आहे, कारण अशी छोटी युनिटं खूप आहेत. २०१३ च्या कायद्यानुसार दहा किंवा अधिक माणसं असतील तर अंतर्गत समिती मालकानंच नेमायची. दहापेक्षा कमी असतील, किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल, तर जिल्ह्याची स्थानिक समिती असते, तिच्याकडे जायचं. तक्रार लेखी, घटनेपासून तीन महिन्यांच्या आत. सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने वाढवू शकते. तुम्ही कंत्राटदाराकडून असलात तरी हा कायदा तुम्हाला लागू आहे. आणि कंपनीनं दिलेली बस किंवा गाडीही कायद्याच्या दृष्टीनं कामाचीच जागा आहे. बसमध्ये झालं म्हणजे बाहेर झालं, असं कुणी म्हटलं तर ऐकू नका.

दुसरी चिठ्ठी एका दादांची. ‘मध्ये पडलो आणि मलाच मार बसला तर?’ रास्त भीती आहे. मध्ये पडणं म्हणजे मारामारीच असं नाही. जवळ जाऊन उभं राहता येतं. ‘ताई, काही मदत हवी का?’ एवढं मोठ्यानं विचारता येतं. ११२ ला फोन लावता येतो. टपरीवरचे चौघं नुसते चार पावलं पुढं आले तरी रस्त्याचा रंग बदलतो.

तिसरीत लिहिलंय, ‘मग मुलीला काय सांगायचं, काहीच नाही?’ सांगायचं की. जे माहीत आहे ते सगळं सांगायचं. फक्त ती ऐकत असताना मुलालाही शेजारी बसवायचं. आणि तिला काही झालं तर पहिला प्रश्न ‘तू तिथं कशाला गेलीस’ हा येणार नाही, हे तिला आधीच ठामपणे सांगून ठेवायचं. ते माहीत नसेल तर ती घरी येऊन बोलणारच नाही, आणि मग आपली सगळी अक्कल वाया.

चौथ्या चिठ्ठीत प्रश्नच नाहीये. कुणीतरी लिहून दिलंय की बस जिथं सोडते तिथून वस्तीपर्यंत नऊ खांब आहेत, त्यातले चार बंद, दोन दिवाळीपासून. खांबांचे नंबरही घातले आहेत. ही चिठ्ठी आम्ही वाचून ठेवून देत नाही. संयोजकांकडे देतो आहोत. उद्या अर्ज टाइप करायला कुणाला जमेल त्यांनी इथंच थांबा.